घोडकाठचे इनामगाव: दख्खनच्या पहिल्या शेतकऱ्यांची वस्ती

घोड नदी आंबेगाव तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावते, डिंभ्याच्या धरणातून पुढे पूर्वेकडे वाहते, वाटेत कुकडी आणि मीना यांचे पाणी घेते आणि शिरूर तालुक्याच्या कडेने उतरत दौंडच्या वरच्या अंगाला भीमेला मिळते. या संगमाच्या अलीकडे, नदीच्या उजव्या तीरावर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्यापासून ते सुमारे ८० ते ९० किलोमीटरवर येते. पुणे–सोलापूर महामार्गावरच्या वरवंडहून जायचे झाल्यास चौफुल्यापर्यंत मागे यावे लागते, तिथून उत्तरेला केडगाव, पारगाव करत भीमा ओलांडली की न्हावरे लागते आणि न्हावऱ्याहून घोडचा काठ दूर नाही. सगळी वाट उसाच्या आणि कांद्याच्या शेतांतून जाते. गावाजवळ नदीच्या काठाला राखट, भुसभुशीत मातीची काही उंचवट्याची जागा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या वस्तीच्या अशा मातीला पांढरी म्हणतात. या पांढरीत इ.स.पू. १६०० ते ७०० या सुमारे नऊशे वर्षांतले एक गाव गाडले गेले होते. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्यातले बरेचसे या एका जागेने दिले आहे.

सांगायची गोष्ट तशी साधी असली तरी फार मोलाची आहे. महाराष्ट्राचा इतिहास सहसा सातवाहनांपासून सुरू केला जातो, कारण तिथून शिलालेख आणि नाणी मिळू लागतात. त्याआधी हजार वर्षे या नद्यांच्या काठी घरे होती, धान्याच्या कणग्या होत्या, कुंभाराच्या भट्ट्या होत्या, पाणी वळवण्याची खटपट होती. त्या लोकांनी एकही अक्षर लिहून ठेवलेले नाही. त्यांच्याबद्दल बोलते ती फक्त माती.

या मातीकडे लक्ष वळले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमुळे. हसमुख धीरजलाल सांकलिया १९३९ साली तिथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि त्यांनी दख्खनच्या नदीखोऱ्यांची पायी पाहणी सुरू केली. १९५०-५१ मध्ये संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे येथे उत्खनन झाले. तिथे पक्क्या भाजलेल्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगात नक्षी काढलेली, खणखणीत आवाज देणारी खापरे मिळाली. तशीच भांडी पुढे तापीपासून भीमेपर्यंतच्या खोऱ्यांत सापडत गेली आणि त्या संपूर्ण काळाला जोर्वे संस्कृती हे नाव पडले. नेवासे, दायमाबाद, घोडच्याच काठचे चांडोली, कऱ्हेकाठचे सोनगाव ही त्यातली महत्त्वाची ठिकाणे. पण या बहुतेक ठिकाणी खड्डा खोल आणि अरुंद घेतला गेला होता. कोणता थर कोणत्या थराखाली आहे, हे त्यातून कळत असे. माणसे कशी राहत होती, हे मात्र कळत नसे.

इनामगावात हे चित्र बदलले. १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली इथे हंगामामागून हंगाम काम चालले. खोल खणण्यापेक्षा आडवे खणायचे, घरांमागून घरे उघडी करायची, अख्खे गाव समजून घ्यायचे, असा हेतू ठरवून ठेवला होता. वस्ती सुमारे पाच हेक्टरांवर पसरलेली होती आणि पाच उंचवट्यांत विभागलेली होती. त्यातला पहिला उंचवटा सर्वांत मोठा. १३०हून अधिक घरे आणि २६०हून अधिक दफने उजेडात आली. भारतातल्या कुठल्याही ताम्रपाषाणयुगीन गावाचा इतका सविस्तर अभ्यास त्याआधी झालेला नव्हता. मानवी सांगाड्यांचा अहवाल १९८६ मध्ये आणि मुख्य उत्खनन अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

थरांवरून गावाचे तीन काळ ठरवता येतात. इ.स.पू. १६०० ते १४०० हा माळवा काळ, १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे आणि १००० ते ७०० हा उत्तर जोर्वे. सिंधू खोऱ्यातली मोठी शहरे ओस पडून तेव्हा काही शतके लोटली होती. पूर्व जोर्वेच्या भरभराटीचा काळ इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या राज्याचा काळ आहे.

पहिले रहिवासी नर्मदेपलीकडच्या माळव्यातल्या लोकांशी नाते सांगणारी भांडी घेऊन आले. त्यांची घरे मोठी, चौकोनी आणि कोपऱ्यांना गोलसर होती. मातीच्या बुटक्या भिंती, त्यावर कुडाचा भाग आणि गवताने शाकारलेले छप्पर, असे त्यांचे बांधकाम. आत अर्धवट उंचीची आडभिंत घालून दोन भाग केलेले. काही जण जमिनीत खड्डा खणून त्यावर आडोसा करूनही राहत असत. शेती सुरू झालेली होती, पण अजून नदीकाठची शिकार आणि मासेमारी यांचा आधार मोठा होता.

पूर्व जोर्वे काळात गाव वाढले आणि त्याला आखणी आली. घरे पूर्व–पश्चिम दिशेने ओळीत उभी राहिली. दोन घरांमध्ये सुमारे दीड मीटरची बोळवजा वाट सोडलेली असे. भुई चोपून, काळी माती आणि गाळ घालून घट्ट केलेली. आत एका बाजूला चूल. मोठाल्या रांजणांना टेकू म्हणून जमिनीत बसवलेले चार सपाट दगड उत्खननात त्याच जागी सापडले. धान्य साठवण्याच्या दोन रीती होत्या. एक म्हणजे जमिनीत खणलेले, आतून चुन्याने लिंपलेले पेव. दुसरी म्हणजे मातीच्या गोल ओट्यावर ठेवलेली बांबूची किंवा तुराट्यांची कणगी. ओटा मातीचा असल्याने टिकला, कणगी कुजून गेली. पण ओट्याची गोलाई पाहिली की त्यावर काय उभे असेल हे या भागातल्या कुठल्याही जुन्या जाणत्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पेव आणि कणगी या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या खेड्यांत विसाव्या शतकापर्यंत वापरात होत्या. तीन हजार वर्षांचे हे सातत्य कुठल्याही राजघराण्याच्या वंशावळीपेक्षा मोठे आहे.

पिकांबद्दल जळालेल्या दाण्यांवरून बरीच माहिती मिळते. मुख्य पीक जव. त्याखेरीज गहू, मसूर, वाटाणा, लाख, हुलगा आणि वाल. बोरे आणि जांभळे रानातून येत. जव, गहू आणि मसूर ही हिवाळ्यातली पिके आहेत. पावसाळ्यानंतर काळ्या जमिनीत धरून राहिलेल्या ओलीवर ती येतात. शिरूर–दौंडचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडतो, वर्षाला पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. पाऊस हुकला की दाणा हुकला. म्हणूनच नदीचा काठ आणि काळी जमीन या दोन गोष्टी जिथे जवळजवळ मिळाल्या तिथेच ही गावे वसली. जवळच्या वाळकी येथे याच काळातली लहानशी शेतवस्ती सापडली आहे, तिथून हाडाचा फाळ मिळाला. लोखंड अजून आलेले नव्हते आणि तांबे शेतीच्या अवजारांना पुरेल इतके नव्हते.

पाण्याचा प्रश्न या गावाने कसा हाताळला, हा त्याच्या इतिहासातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. उंचवट्यांच्या कडेला उत्खनकांना एक रुंद खोदलेला चर आणि त्याला लागून दगड-मातीने बांधलेला लांब बांध आढळला. पूर्व जोर्वे काळातला. त्याचा अर्थ त्यांनी असा लावला की घोडला पूर आला की त्याचे पाणी या चरात वळवले जाई, साठून राही, आणि तिथून ते शेतात उतरवता येई. बांधामुळे पुरापासून वस्तीचे रक्षणही होत असे. हा अर्थ बरोबर असेल तर दख्खनमधली पाटपाण्याची ही फार जुनी खटपट ठरते. असा चर एका कुटुंबाचे काम नव्हे. कुणीतरी दिवस ठरवला असेल, माणसे बोलावली असतील, कामाची वाटणी केली असेल, आणि नंतर पाण्याची पाळी कुणाची यावरून तंटेही सोडवले असतील. लिखित कायदा नसतानाही गावात अधिकार होता, याचा हा बांध पुरावा आहे.

त्या अधिकाराची दुसरी खूण गावाच्या मधोमध सापडली. तिथे पाच खोल्यांचे एक घर होते, इतर घरांपेक्षा स्पष्टपणे मोठे. त्याला लागूनच पेवे आणि कणग्यांचे ओटे असलेली मोठी जागा होती, म्हणजे एका घराच्या गरजेपलीकडची साठवण. गावातल्या प्रत्येकाकडून धान्याचा वाटा गोळा करून तो टंचाईसाठी राखला जात असावा, असे उत्खनकांचे मत. कारागीर मात्र गावाच्या पश्चिम कडेला राहत. कुंभाराची गोल भट्टी, चुना भाजणाऱ्याची जागा, सोनाराचे काम, मणी आणि हस्तिदंत घडवणाऱ्यांची घरे त्याच बाजूला सापडली. पुढच्या काळातल्या गावगाड्यात बलुतेदारांची घरे वेगळ्या अंगाला असत, त्याच्याशी ही मांडणी ताडून पाहण्याचा मोह होतो. पण मध्ये दोन-अडीच हजार वर्षांचे अंतर आहे आणि वंशपरंपरेने चालणारी जात तेव्हा होती असे म्हणायला मातीत आधार नाही. इतके मात्र खरे की धान्य पिकवणारा आणि वस्तू घडवणारा यांच्यात गावाच्या नकाशावर फरक पडू लागला होता.

वस्तूंची देवघेव दूरवरची होती. शंखाच्या बांगड्या आणि मणी समुद्राकाठच्या शंखांचे, म्हणजे घाट उतरून कोकणापर्यंत किंवा सौराष्ट्रापर्यंत जाणाऱ्या वाटा तेव्हाही चालत्या होत्या. तांब्याचे गळ, छिन्न्या आणि मणी, सोन्याचे कानातले दागिने मिळाले. रोजच्या कापण्या-सोलण्याला मात्र गारगोटीच्या बारीक पात्या वापरल्या जात आणि त्या हजारोंनी सापडल्या, कारण दख्खनच्या काळ्या खडकात हा दगड जागोजाग मिळतो. कापडाचा धागा इनामगावात टिकला नाही. पण शेजारच्या ठिकाणांनी ती उणीव भरून काढली. नेवाशात एका लहान मुलाच्या गळ्यातले तांब्याचे मणी कापूस आणि रेशीम यांच्या धाग्यात ओवलेले होते, तर चांडोलीत जवसाच्या तंतूंचा धागा मिळाला.

इनामगावचे लोक मेलेल्यांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या भुईखाली किंवा अंगणात पुरत. लहान मूल गेले की दोन करड्या रंगाच्या मडक्यांमध्ये त्याचा देह ठेवत आणि ती मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी पुरत. शेजारी एखादी वाटी, एखादे तोटीचे भांडे. सापडलेल्या दफनांपैकी बहुतांश अशी लहान मुलांचीच आहेत. या एका वाक्यात त्या काळच्या बालमृत्यूचे प्रमाण समजते. आईबाप त्याच भुईवर झोपत, त्याच चुलीवर रांधत, आणि मूल त्यांच्या पायाखाली दोन मडक्यांच्या कुशीत असे.

मोठ्या माणसांचे दफन वेगळे. देह लांब, उताणा, डोके उत्तरेकडे, आणि घोट्याखाली पाय तोडलेले. मृत्यूनंतर हे केले जाई. मेलेल्या माणसाने उठून चालू लागू नये, भूत होऊन निघून जाऊ नये, म्हणून हे करत असावेत असा तर्क मांडला गेला आहे. तो पटण्याजोगा आहे, पण तर्कच आहे.

एका दफनात मात्र हा नियम मोडलेला दिसतो आणि ते त्या मोठ्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातले आहे. न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण, त्याला खाली चार जाड पाय आणि एका बाजूला स्त्रीदेहासारखा फुगीर आकार. त्यात सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा सांगाडा बसलेल्या स्थितीत होता आणि त्याचे पाय शाबूत होते. सोबत एक तोटीचे भांडे होते, त्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली. त्याच जागी त्याच प्रकारचा जुना रांजणही मिळाला, पण त्यात माणसाचा सांगाडा नव्हता. हा पुरुष गावाचा प्रमुख असावा आणि त्याला पुन्हा आईच्या पोटात घालण्याची ही कल्पना असावी, असे उत्खनकांनी म्हटले. पाय न तोडण्याचा मान फक्त काहींना असावा, इतके तरी त्यावरून दिसते.

देवतांविषयीची माहिती एका घराच्या कोपऱ्यातून आली. पूर्व जोर्वे काळातल्या भुईखाली मातीची लंबगोल, झाकण असलेली एक पेटी पुरलेली होती. आत स्त्रीची मातीची मूर्ती. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती, जिला मस्तक नव्हते, आणि तिच्याजवळ मातीचा बैल. बैलाच्या पाठीवर आणि मूर्तीच्या पोटात छिद्रे होती. काडी घातली की ती बिनशीर स्त्री बैलावर उभी राहत असे. मूर्ती भाजलेल्या नव्हत्या, म्हणजे रोज हाताळण्यासाठी नव्हे तर एखाद्या व्रतासाठी किंवा प्रसंगासाठी केल्या आणि मग पुरून ठेवल्या असाव्यात. पुढे ऐतिहासिक काळात दख्खनमध्ये मस्तक नसलेल्या देवीच्या दगडी प्रतिमा पूजल्या जात होत्या. इनामगावची पेटी त्यांच्या मागे हजार वर्षांहून अधिक काळाने उभी आहे.

इ.स.पू. १०००च्या आसपास जोर्वे संस्कृतीची तापी-गोदावरी खोऱ्यांतली बहुतेक गावे उठली. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव टिकले, पण रूप पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान, गोल झोपड्या आल्या. एकाच अंगणाभोवती तीन-चार झोपड्यांचा पुंजका दिसू लागला. भांड्यांवरची नक्षी ओबड झाली. जवाचे आणि गव्हाचे प्रमाण घटले, शेळ्या-मेंढ्या वाढल्या, हरणांची शिकार पुन्हा महत्त्वाची ठरली. म्हणजे बैठी शेती सोडून लोक अर्धे भटके होऊ लागले.

याचे कारण ढवळीकरांनी दीर्घकाळ चाललेला अवर्षणाचा फेरा असे दिले. पाऊस कमी झाला, नदीचे पूर कमी झाले, वळवायला पाणीच राहिले नाही. ही मांडणी अनेक वर्षे मान्य राहिली आणि पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे तिच्यावर शंका घेतल्या गेल्या. जमिनीचा अतिवापर, जंगलतोड, गावांमधली बदललेली देवघेव, अशी इतर कारणे पुढे आली. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या माणसांच्या हाडांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केला. दुधाच्या दातांवर राहिलेल्या खाचांतून मूल गर्भात असताना किंवा जन्मल्यावर लगेच आईला आणि त्याला किती उपास पडला हे वाचता येते. ग्वेन रॉबिन्स शूग यांनी २०११ साली नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांवर पुस्तक लिहिले आणि हवामानबदलाची सरळसोट गोष्ट पुरेशी नाही, लोकांनी त्याला दिलेला प्रतिसादही पाहावा लागतो, असे दाखवून दिले. वाद अजून मिटलेला नाही. एक मात्र ठळक आहे: पुरावा म्हणून पुन्हा पुन्हा ज्यांच्याकडे जावे लागते ती दोन मडक्यांत पुरलेली मुलेच आहेत.

इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव कायमचे सुटले. त्यानंतर लोखंड वापरणारे लोक दख्खनमध्ये प्रबळ झाले, मग सातवाहनांच्या काळात जुन्नर–नाणेघाट मार्गाने व्यापार वाढला आणि भीमेच्या खोऱ्यात नवी गावे वसली. यवतजवळच्या डोंगरावर यादवकाळात भुलेश्वराचे मंदिर उभे राहिले, भीमेच्या पलीकडच्या पेडगावला मोगलांनी बहादूरगड हे ठाणे केले. पण पर्जन्यछायेतल्या या पट्ट्याची मुख्य अडचण तीच राहिली. तिच्यावर मोठा उपाय एकोणिसाव्या शतकात झाला. १८६९ ते १८७९ या काळात पुण्याजवळ खडकवासल्याला मुठा नदीवर धरण बांधले गेले आणि त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी हवेली आणि दौंडच्या दिशेने आले. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव खडकवासल्याच्याच पाण्यावर भरतो. पुढे शिरूरकडे चिंचणीजवळ घोड धरण झाले. आज या भागात उभा असलेला ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे सगळी धरणाच्या आणि पाटाच्या पाण्यावर आहेत. पाणी कुणाला किती, टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत पोचते की नाही, आवर्तन कधी सुटणार, यावरचे वादही त्याच्यासोबत आले.

इनामगावच्या पांढरीवर आज पाहण्यासारखे बांधकाम उभे नाही. मातीची घरे उघडी ठेवली तर एका पावसाळ्यात विरघळतात, म्हणून अभ्यास झाल्यावर खड्डे बुजवले जातात. शिवाय पांढरीची माती खतासारखी उपयोगी असल्याने महाराष्ट्रात अशा जागा खणून ती शतकानुशतके शेतात नेऊन पसरली गेली आहे. ट्रॅक्टर आणि जेसीबी आल्यापासून सपाटीकरणाचा वेग वाढला. नदीकाठच्या कुठल्याही गावात नांगराला राखट माती, रंगीत खापर किंवा गारगोटीच्या पात्या लागल्या, तर तिथे नांगर थांबवून कळवणे हे शेतकऱ्याच्या हातात आहे, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच एखादे ठिकाण वाचते.

उत्खननातल्या वस्तू पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या त्या दगडी इमारतीत जोर्वे भांडी आणि मुलांची जोडमडकी पाहायला मिळतात. इनामगावला जाणाऱ्याने आधी हे संग्रहालय पाहून मग घोडचा काठ गाठावा, म्हणजे पांढरीच्या उंचवट्यावरून नदी किती जवळ आहे, काळी जमीन कुठून सुरू होते आणि चर कोणत्या बाजूने काढला असेल, हे जागेवर उभे राहून ताडता येते.